स्पेनमध्ये न उजाडलेले दहा दिवस

आमच्या सिन्नरकडच्या गावांत लग्न असो नाहीतर दहावा, माईकवर एक माणूस लागतोच. आलेल्यांची नावं घ्यायची, कुणाचं राहिलं तर तो रुसायच्या आत घ्यायचं आणि मुहूर्त टळला तरी टळला नाही अशा आवाजात बोलत राहायचं, एवढंच काम. मंडप आणि स्पीकर माझा, बोलणं गोरक्षचं. वीस वर्षं मी त्याचा आवाज सहन करतोय, त्यामुळे त्याच्याविषयी लिहायचा हक्क माझ्याइतका कुणाला नाही.

फौजदार व्हायचं म्हणून गोरक्षने तरुणपणी सामान्यज्ञानाची जाडजूड पुस्तकं पाठ केली. वय उलटेपर्यंत परीक्षा दिल्या. फौजदारी मिळाली नाही, पुस्तकं मात्र डोक्यात राहिली. झांझिबार नावाचं राज्य इंग्रजांशी लढायला उभं राहिलं आणि चाळीसेक मिनिटांत युद्ध आटोपलं, हे त्याला माहीत होतं. परीक्षेत ते कुणी विचारलं नाही, म्हणून तो लग्नात सांगायला लागला. नवरदेव अजून वेशीवर नाचतोय, जेवणं खोळंबलीत, आणि गोरक्ष माईकवरून म्हणायचा, "एवढ्या वेळात झांझिबारचं युद्ध दोनदा झालं असतं, तरी वरपक्षाने मांडवाकडे यावं." वरपक्ष यायचा नाही, पण लोक बसून राहायचे. एकदा रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी गावसभा भरली. ऑस्ट्रेलियात एमू पक्ष्यांवर मशीनगन घेऊन सैनिक पाठवले होते आणि शेवटी सैनिकांनाच परत बोलवावं लागलं, हे त्याने तिथे सांगितलं. सभा लवकर उठली.

तो खरा गोत्यात आला माजी सरपंचांच्या दहाव्याला. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं संपली तरी कावळा येईना. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवायला उठत नाही. वेळ भरून काढायला गोरक्षने सांगितलं, की हजार-अकराशे वर्षांपूर्वी रोममध्ये एका पोपचं प्रेत उकरून काढलं, खुर्चीवर बसवलं, त्याच्यावर खटला चालवला आणि त्याला दोषी ठरवलं. माहिती खरी होती. पण सरपंचांच्या गटारीच्या कामाची चौकशी तेव्हा चालूच होती. त्यांच्या पोरांनी गोरक्षला पार नदीपलीकडे पळवलं, आणि त्यात माझी चांगली वायर तुटली.

त्याच संध्याकाळी त्याच्या थोरल्या बहिणीने, कुसाबाईने, त्याला बोलावून घेतलं. ती गावातच दिलेली. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं, पण त्याचं परदेशपुराण तिने कधी शेवटपर्यंत ऐकलं नाही. त्याने तोंड उघडलं की तिला म्हशीची धार काढायची आठवण यायची. ती म्हणाली, "माझ्या दहाव्याला तू नुसती नावं घेशील. पोप नाय, कोणी नाय. माझ्या डोक्यावर हात ठेव." त्याने ठेवला.

गेल्या हिवाळ्यात कुसाबाई वारली. चार दिवस आजारी होती आणि चारही दिवस "रोहिणी निघाली का?" एवढंच विचारत होती. रोहिणी तिची लेक, मस्कतला नर्स. तिला सुट्टी मिळेपर्यंत आई गेली होती, अग्नी देऊन झाला होता, राखही नदीला गेली होती. ती आली ती दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी. आली तेव्हापासून ती रडली नव्हती. बायकांनी तेही लक्षात ठेवलं.

दहाव्याच्या सकाळी गोरक्षने सगळ्यांची नावं घेतली, एकही राहिलं नाही. भाषणं झाली. कुसाबाईच्या मुलाने, अमोलने, पिंड मांडला. कावळे समोरच्या बाभळीवर हजर होते, पण खाली कुणी उतरेना. अमोलने हात जोडून सांगितलं, म्हैस विकणार नाही. कावळे बसून. घराला पत्रे नवे टाकीन म्हणाला. कावळे बसून. मग भजी ठेवली, चहाचा कप ठेवला. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा कुसाबाईची नणंद भागीबाई, जिला हळू बोलता येत नाही, म्हणाली, "कावळा शिवंल कसा? जिची वाट बघत जीव गेला, ती दहा दिवसांनी उगवली."

सगळ्यांनी रोहिणीकडे बघितलं. ती नदीच्या कडेला एकटी उभी होती. तिने मान खाली घातली, आणि मला त्या भागीबाईचा मनापासून राग आला. गोरक्षने माझ्याकडे बघितलं. मग पिंडाकडे बघून तो माईकवरच म्हणाला, "आक्का, माफ कर."

आणि सुरू झाला. "मंडळी, स्पेन देशात तेरेसा नावाची एक साध्वी होती. पंधराशे ब्याऐंशी साली, चार ऑक्टोबरच्या रात्री ती वारली. दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख होती पंधरा. कॅलेंडर चुकत चाललं होतं, ते दुरुस्त करायला पोपने मधले दहा दिवस काढूनच टाकले. म्हणजे मंडळी, त्या दहा दिवसांत..."

कावळा उतरला. त्याने पिंडाला चोच मारली, भजं उचललं आणि गेला. कुसाबाईने याही वेळी त्याला पुरतं बोलू दिलं नाही. लोक कपडे झटकत पंगतीकडे निघाले. स्पेनचं काय झालं, हे कुणीच विचारलं नाही.

गोरक्ष माईक हातात धरून तसाच उभा होता. रोहिणी त्याच्याजवळ आली. "मामा, मग त्या साध्वीचा दहावा कधी घातला?"

"घालायला दहा दिवस पाहिजेत ना, पोरी. ते उजाडलेच नाय. त्या दिवसांत कोणी आलं नाय, पण कोणाला उशीर पण झाला नाय."

ती म्हणाली, "आई खूप वाट बघत होती का?"

"बघत होती. खोटं नाय सांगणार. पण रागानं नव्हती बघत. शेवटच्या दिवशी म्हणाली, लेक दुसऱ्यांच्या आजाऱ्यांपाशी बसली हाय, तिला घाई करू नका."

मग रोहिणी रडली. दहा दिवसांचं एकदम रडली, आणि गोरक्ष तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मी पाठ फिरवून जादाची वायर गुंडाळत राहिलो.

तिकडे पंगतीत एकही माणूस जेवत नव्हता. बुंदी वाढायची थांबवून भागीबाई पळी हातात घेऊन उभी होती. तिने पदराने डोळे पुसले, एक ताट वाढलं आणि नदीकडे निघाली. रोहिणीपाशी आल्यावर ती म्हणाली, "चल, दोन घास खा." एवढं हळू बोलताना तिला मी पहिल्यांदाच ऐकलं.

माईक बंद करायचा मी विसरलो होतो, असं मी सगळ्यांना सांगतो. वीस वर्षांत माझा माईक असा कधी चालू राहिलेला नाही.