बाकावरचा ओव्हरटाइम

फोनही वाजतो आणि गाण्याचं यंत्रही वाजतं. भाषेनं दोघांना एकच क्रियापद देऊन टाकलं आणि तिथेच घोळ करून ठेवला. फोन वाजतो तो दुसऱ्याच्या मर्जीनं, गाणं वाजतं ते आपल्या. हा फरक व्याकरणाच्या पुस्तकात सापडायचा नाही. तो काजताईला विचारावा.

काजताई म्हणजे तयार शर्टांच्या कारखान्यात काजं करणारी बाई. कॉलर जोडणाऱ्या वेगळ्या, बटणं लावणाऱ्या वेगळ्या. हिच्यापुढे दिवसभर शर्टांच्या पट्ट्या येत, ही त्यांना भोकं पाडी, भोकांच्या कडा मशीनवर शिवून घेई आणि पुढे सरकवी. कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर म्हणे, "भोकं पाडते. बटणं दुसऱ्या लावतात." तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं कारखान्यात कुणी उरलं नव्हतं, आणि घरी ती 'अगं' होती.

घर चौथ्या मजल्यावर. लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, तिथे आता सायकली ठेवत. नवरा ट्रकवर, त्यामुळे तो महिन्यातून थोडा नवरा आणि बाकी फोनवरचा आवाज. घरात उरल्या सासूबाई, म्हणजे आई. आईंचे गुडघे गेलेले. खोलीतल्या खोलीत भिंत धरून त्या फिरत, पण जिना म्हटला की हात जोडत. शेवटच्या कधी खाली उतरल्या होत्या ते त्यांनाही आठवत नव्हतं.

नवऱ्यानं दोघींना एकेक फोन घेऊन दिला होता. "एकमेकींची सोबत होईल," म्हणाला. सोबत कसली, दावणच झाली ती. काजताईनं मशीनवर पहिली पट्टी घेतली की फोन वाजायला सुरुवात होई.

"अगं, मीठ कुठे ठेवलंस?" मीठ होतं तिथेच असे.

"खाली कोण भांडतंय गं?" जणू ही कारखान्यात बसून घरच्या गल्लीतली भांडणं बघत होती.

"मोरीतला उंच स्टूल तू सरकवलास का? त्याला हात लावत जाऊ नकोस बाई."

फोन घेतला तर सुपरवायझर डोक्यावर. "ताई, तुमचा फोन आणि माझं डोकं, दोन्ही एकदमच उठतात." नाही घेतला, तर आई मुलाला फोन करत, आणि तो कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला ट्रक थांबवून हिला फोन करी, "अगं, आईचा फोन घे ना. काळजी करते ती." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा तो प्रकार होता. "मशीन वाजत होती आई, ऐकूच आलं नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर.

बरं, सासू छळणारी असती तर सोपं होतं. निदान भांडता आलं असतं, चार बायकांत गाऱ्हाणं सांगता आलं असतं. पण ही बाई सुनेला ताप आला तर दुखऱ्या गुडघ्यांनिशी उशाशी बसायची. सून घरात शिरली की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि मग तिच्या मागे मागे, स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून मोरीत, दिवसभराचं साठलेलं बोलत राहायची. आपलेच दात, आपलेच ओठ. काजताईचा जीव गुदमरे, आणि गुदमरतो म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटे.

गाणी फोनमध्येही होती. पण गाणं ऐन रंगात आलं की त्याच फोनमधून आई येत.

म्हणून एकदा घरी येताना ती फोन दुरुस्त करणाऱ्या चष्मेवाल्याच्या दुकानात शिरली. एका जिन्याखालचं दुकान, आत तो आणि त्याचा पंखा एवढीच जागा. काचेच्या पेटीत काडेपेटीएवढे गाण्याचे प्लेअर मांडले होते. तिनं सगळ्यात स्वस्त होता त्यावर बोट ठेवलं.

"यात फोन येतो?"

"नाही."

"नेट?"

"नाही ताई."

"मी कुठे आहे ते घरी कळतं का यातून?"

चष्मेवाल्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ताई, तो कुठे आहे ते त्याचं त्याला कळत नाही."

"मग द्या."

गाणी त्यानंच भरून दिली, त्याच्याकडे होती ती. वर म्हणाला, "सगळ्यात शेवटी एक खास टाकलंय. ते ऐकाच."

आता स्वस्तातला माल म्हणजे काय, हे ज्यानं घेतलाय त्यालाच कळतं. गुण सांगायचे तर प्लेअर मुठीत मावे, ओढणीला चिमटा लावून अडकवता येई, न बघता अंगठ्यानं चालू होई, आणि त्यातून कुणीही तिला मीठ कुठे आहे असं विचारत नसे. हा शेवटचा गुण बाकी सगळ्या अवगुणांना पुरून उरणारा होता, आणि अवगुण काही कमी नव्हते. पडद्यावर गाण्याच्या नावाऐवजी नुसते चौकोन उमटत. डाव्या कानात गाणं, उजव्या कानात कुणीतरी कागद चुरगाळतंय. पुढचं गाणं लावायचं बटण लवकरच आत रुतलं ते बाहेर आलं नाही. आणि सगळ्यात मोठा अवगुण तो चष्मेवाला हसत हसत सांगून गेला होता: प्लेअर एकदा बंद केला की आपण कुठवर आलो होतो ते तो साफ विसरे. पुन्हा चालू केला की पहिल्यापासून.

म्हणजे व्हायचं असं की काजताई रोज पहिल्या गाण्यापासून निघे आणि पाचव्या-सहाव्याशी तिचा वेळ संपे. पहिली पाच गाणी तिला श्वासासकट पाठ झाली. पुढे काय आहे, देव जाणे. आणि सगळ्यात शेवटी तर ते खास गाणं. खास म्हणजे काय असेल? मशीनवर पट्ट्या सरकवताना ती त्याची चाल मनात लावून बघे. एकदा, फक्त एकदा, कुणी मध्ये न येता शेवटपर्यंत पोचायचं, एवढीच तिची इच्छा होती. मागून मागून माणसानं मागावं ते किती थोडं!

आणि हा वेळ तरी तिनं कुठून आणला होता? चोरला होता. बस तिला इमारतीच्या मागच्या रस्त्यावर सोडे. तिथून घर दोन मिनिटांवर. पण काजताई उतरली की घरी न जाता थांब्यावरच्याच बाकावर बसे, कानात इअरफोनची बोंडं घाली आणि डोळे अर्धे मिटून घेई. मागून बस आली की कंडक्टर ओरडे, "ताई, चढा!" ती म्हणे, "माझी ही नव्हे." त्या थांब्यावर दुसऱ्या नंबरची बसच येत नसे. पुढे पुढे कंडक्टरही नुसती मान हलवून जाऊ लागला.

घरी आईंना सांगितलं होतं, कारखान्यात ओव्हरटाइम आहे.

"आजपण ओव्हरटाइम?" आई रोज विचारत.

"हो ना," ही म्हणे आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावी, म्हणजे डोळ्याला डोळा द्यायला नको.

नवल एवढंच की दिवसभर वाजणारा फोन त्या अर्ध्या तासात कधीच वाजला नाही. त्या वेळी आईंचा डोळा लागत असेल, असं काजताईनं स्वतःला पटवून दिलं. सोयीची गोष्ट चटकन पटते.

मग एक दिवस गडबडीत प्लेअर घरीच राहिला, आदल्या दिवशीच्या कुर्त्याच्या खिशात, खुंटीवर. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती चडफडली. कारखान्यात मात्र चमत्कार. पहिली पट्टी झाली, गठ्ठा झाला, दुसरा गठ्ठा आला, फोन गप्प. आधी बरं वाटलं. सुपरवायझरसुद्धा जाता जाता म्हणाला, "आज काय, सासूबाई गावाला?" तिला हसू आलं. चहाच्या सुट्टीपर्यंत हसू टिकलं. मग तिनं फोन काढून बघितला. चालू होता, आवाजही मोठा होता. तिनं स्वतःहून आईंना लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत.

मोरीतली ओली फरशी तिच्या डोळ्यांपुढे आली आणि हलेना.

"घरी जाऊन येते," तिनं सुपरवायझरला सांगितलं.

"रोज वाजतो म्हणून रडता, आज वाजत नाही म्हणून रडता?" तो म्हणाला. पण तिचा चेहरा बघून बाजूला झाला.

बसमध्ये तिनं किती वेळा फोन लावला त्याला गणती नाही. चार मजले ती कशी चढली तेही तिला नंतर आठवलं नाही. किल्ली फिरवून तिनं दार लोटलं.

आत आई धडधाकट बसल्या होत्या. मोरीतला उंच स्टूल ओढत भिंतीपाशी आणलेला, त्यावर त्या. भिंतीतल्या प्लगमध्ये मुलाचा जुना चार्जर, चार्जरची वीतभर वायर, वायरच्या टोकाला प्लेअर आणि प्लेअरची दोरी आईंच्या कानात. वायर पुरत नव्हती म्हणून मान भिंतीकडे कललेली. डोळे मिटलेले. फोन पलंगावर, चादरीत गुंडाळलेला.

"आई!"

आई केवढ्यानं तरी दचकल्या. "अगं, किती ओरडतेस! मला वाटलं चोर शिरला."

"फोन का घेत नाही? किती वेळा लावला मी!"

"हे वाजत होतं ना. मग ते वाजलेलं ऐकू कसं येणार?"

तिचंच रोजचं उत्तर तिच्या पदरात परत आलं होतं. काजताई उंबऱ्यातच खाली बसली. जीव भांड्यात पडला, आणि पडल्यावर त्याचं रडू झालं. आईंनी कानातली बोंडं काढली, पण इथे धरायला काही नव्हतं आणि स्टुलावरून उतरणं त्यांना एकटीनं जमेना, म्हणून त्या तिथूनच हात हलवत म्हणाल्या, "रडू नकोस गं. कुर्ता धुवायला काढला तर खिशात हे. जीव गेला होता त्याचा, म्हणून प्लगला लावलं. संध्याकाळी ऐकतेस ते हेच ना?"

चोराच्या मनात चांदणं. काजताईचं रडू तिथल्या तिथे थांबलं. "कधी संध्याकाळी?"

"तुझ्या कानात दोरी दिसायची. दुसरं टोक कुठे जातं ते मात्र कळायचं नाही."

"दिसायची? कुठून?"

आईंनी मोरीकडे पाहिलं. मोरीला वरच्या बाजूला हातभर खिडकी होती. बाल्कनीतून पुढचा रस्ता दिसे, मागचा थांबा दिसत नसे, हे बघूनच काजताईनं तो बाक निवडला होता. मोरीची खिडकी तिनं हिशेबात धरलीच नव्हती. तिथवर पोचायचं तर नळाला धरून उंच स्टुलावर चढून बसावं लागलं असतं.

"पहिल्या दिवशी वाटलं, चक्कर आली की काय तुला. बस आली, गेली, तू आपली बसलेली. फोन लावणारच होते. मग तुझी मान हलताना दिसली, अशी, ठेक्यात. म्हटलं, राहू दे."

"मग रोज विचारत होता ते? आजपण ओव्हरटाइम म्हणून?"

"नसतं विचारलं तर तुला वाटलं असतं, म्हातारीला कळलंय."

काजताईला लाज वाटली, माया दाटून आली, आणि खरं सांगायचं तर राग आला. सगळ्या जगात तिनं स्वतःपुरता एक बाक चोरला होता. आता कळत होतं की तो चोरलेला नव्हताच, दिलेला होता. दिलेल्या वस्तूवर आपली सत्ता ती कितीशी?

"शेवटचं ऐकलंस का गं?" आईंनी विचारलं.

"नाही. तिथवर पोचलेच नाही कधी."

"नाही पोचलीस तेच बरं. गाणंच नाही ते. तो दुकानदार बोलतो. चार्जर मिळेल, कव्हर मिळेल, काच बदलून मिळेल, एकवार अवश्य या. परत तेच, दोनदा."

काजताई आ वासून बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं, रडण्याच्या वरताण. आईही हसल्या, पदर तोंडाला लावून.

"तरी मी सगळं ऐकलं हो," हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या. "तेवढंच कुणीतरी बोलत होतं."

काजताईनं त्यांना हात देऊन खाली उतरवलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाताना प्लेअर तिनं होता तिथेच, प्लगला राहू दिला.

आता दिवसा फोन वाजत नाही. आता तीच चहाच्या सुट्टीत फोन लावते, आणि आईंनी नाही घेतला की, गाणी चालू असतील हे माहीत असूनही, पुढच्या दोन पट्ट्या वाकड्या जातात. जनावराला दावं असतं ते दिसतं. खुंट्यालाही कुठे जाता येत नाही, हे कुणी बघत नाही.

प्लेअर घरी ठेवला त्या पहिल्या संध्याकाळी सवयीनं ती बाकावर बसली. कानात काही नव्हतं. तिनं मान वर करून मोजत मोजत चौथा मजला गाठला. मोरीची खिडकी हातभर, त्यात काहीतरी पांढरं. ती पाठ फिरवून बसली. पाठीला डोळे नसतात म्हणतात, पण आपल्याकडे कुणी बघतंय हे पाठीलाच आधी कळतं. बस आली. कंडक्टरनं मान हलवली. बस गेली. काजताई पर्स सावरून उठली, घराच्या दिशेनं चार पावलं चालली, आणि पर्समध्ये फोन वाजला. त्या वेळेला पहिल्यांदाच.

"अगं, आज उठलीस एवढ्यात?" आई म्हणाल्या. "बस की अजून थोडी. मी काही बघत नाही."

काजताई परत फिरली आणि बाकावर जाऊन बसली.