बिब्ब्याचाच असंल

साखराबाईचं सगळं औषधपाणी एका डबीत मावायचं, आणि त्या डबीत नुसते बिब्बे. गुडघा धरला, लाव बिब्बा. कंबर भरली, लाव बिब्बा. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी टेकवायचा, झालं! कातडी जळून काळा डाग पडायचा तो पडायचाच. पाठ, कंबर, पोटऱ्या, म्हातारीच्या अंगावर कोरी जागा सापडणं मुश्कील. इस्लापूरच्या अलीकडं रानाला चिकटून त्यांचं गाव. तिथल्या बायका दुखणं घेऊन आधी साखराबाईकडं येत, मग दवाखान्याकडं.

आणि सून कोण, तर दीपमाला, गावची आशाताई! एका चुलीवर दोन डॉक्टर, म्हणून लोक हसायचे. सासूसुनेचं भांडण मात्र लटकंच. "तुह्या गोळीनं पित्त होतंय, माह्या बिब्ब्यानं गुण येतो," असं म्हातारी बोलायची, आणि सून घरोघर फिरून आली की तव्यावरची गरम भाकर आधी तिच्याच ताटात टाकायची. दीपमालाची आई लहानपणीच गेलेली. आईची माया तिला मिळाली ती ह्या घरात.

त्या श्रावणात किनवटला आशाताईंना शिकवलं, की डेंग्यू-मलेरियाच्या डासांशिवाय आणखी एक वैरी आहे. गवतात गोचिडीच्या जातीचा इवलासा किडा असतो, डोळ्यांना दिसत नाही. चावला तर कळत नाही. चावल्या जागी काळी खपली धरते, मागून ताप चढतो. लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी उतरतो, उशीर झाला तर माणूस हातचा जातो. दीपमालानं त्याची चित्रं शाळेच्या भिंतीला लावली आणि दारोदार सांगत सुटली. गवतात बसू नका, अंगभर कपडे घाला, घरी आलं की साबणानं अंघोळ करा.

"आता गवत कापाया लुगड्याच्या आत पायजमा घालू का गं?" साखराबाईनं विचारलं, आणि ओट्यावरच्या बाया हसून लोळायच्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी म्हातारी विळा घेऊन म्हशीसाठी गवताला गेली, तशीच, अनवाणी.

पोळ्यानंतर तिला ताप भरला. दीपमालानं बोट टोचून मलेरियाची पट्टी केली. मलेरिया निघाला नाही, आणि घात झाला तो इथंच, कारण सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "पट्टी साफ हाय ना? मंग कशाला मला गाडीत हादरवता?" म्हातारी म्हणाली. तापाच्या गोळ्या सुरू झाल्या. मायच्या जागी आता तिचा लेक, दीपमालाचा नवरा बालाजी, त्याच रानातून गवत आणू लागला.

अंग पुसताना दीपमालाला लुगड्याच्या गाठीखाली एक काळी खपली दिसली. "आत्याबाई, हितं कवा लावला?" तिनं विचारलं. म्हातारी ग्लानीत नुसतं "हं" म्हणाली. आजूबाजूला तसे डाग कमी का होते? बिब्ब्याचाच असंल, असं म्हणून दीपमालाचा हात पुढं गेला. अगं बाई, बिब्बा उतला की खाज सुटते, पाणी धरतं. ही खपली कोरडी ठाक होती, दुखतही नव्हती. पण घरच्या माणसाकडं कोण एवढं निरखून बघतं!

म्हातारीला धाप लागली तेव्हा जीप करून नांदेड गाठलं. बालाजी रक्ताच्या बाटलीसाठी धावला होता. डॉक्टरांनी दीपमालाला विचारलं, "अंगावर कुठं काळी खपली होती का?" "बिब्ब्याचा..." एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि शाळेच्या भिंतीवर तिनंच लावलेलं चित्र तिला आठवलं. साखराबाई दुसऱ्या सकाळी गेली.

बसायला आलेल्या बाया म्हणाल्या, बिब्बा उष्ण पडला. दीपमालानं ते खोडलं नाही.

दहावं झालं आणि बालाजी भरदिवसा वाकळ घेऊन पडला. दीपमालानं कपाळाला हात लावला, तर चटका बसला.

"अंग दाखवा."

"जा तिकडं. साऱ्या गावाला शिकवत फिरलीस, माही माय तेवढी राहिली."

तिनं सदऱ्याला हात घातला. त्यानं ढकललं, ती कणगीवर आदळली. उठली, पुन्हा आली. सदरा टर्रकन फाटला. डाव्या काखेत काळी खपली होती.

"ह्या काखेत कोणी बिब्बा लावला तुमच्या?" ती ओरडली, आणि शेजारच्या धोंडप्पाला ऑटो काढायला लावून तिनं त्याला इस्लापूरच्या दवाखान्यात नेलं. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. ताप उतरला.

घरी आल्यावर ती पेज घेऊन समोर बसली. बालाजीनं दोन घोट घेतले.

"मायला बी अशीच होती?"

"हाव."

"तू पाहिली होतीस?"

खोटं बोलता आलं असतं. कोणाला कळणार होतं? पण तिला ते जमेना.

"पाहिली होती. कमरंला. मला वाटलं, बिब्ब्याचा डाग हाय."

बालाजीनं वाटी खाली ठेवली.

"म्हंजे माही खपली दिसाया माही माय मरावी लागली."

खरंच होतं ते.