गच्चीवरचं मशीन आणि ताईबाईंचे बिबडे

सोनगीरचा प्रेमराज पाटील नक्की काय काम करतो, हे गावात एकालाही धड सांगता येत नाही. कॉम्प्युटरचं करतो म्हटल्यावर लोकांनी त्याच्या ओट्यावर मिक्सर, टेबलफॅन आणि एकदा तर फवारणीचा पंप आणून ठेवला. बिचाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून कर्नलचं काम करतो. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कारभारी. मेमरीची पट्टी बिघडली, एखादा भाग चुकायला लागला, की ते ओळखायचं आणि वर सांगायचं, ही त्याची जबाबदारी.

आता हे सांगण्याचा जो कोड होता, तो म्हणजे नुसता बाजार. वर्षानुवर्षं ज्याला जे सुचलं ते त्याने त्यात कोंबलेलं. पट्टी एक बिघडायची आणि बोंब पाच ठिकाणांहून उठायची, तीही प्रत्येकाची वेगळी. त्यातला एक तुकडा तर इतका घाबरट, की जरा खुट्ट झालं की अख्खं मशीनच बंद करून मोकळा. प्रेमराजने हिवाळाभर खपून हे सगळं साफ केलं. पाच बोंबांची एक ओळ केली. कुठली पट्टी, कुठला भाग, लाल अक्षरात, एकदाच. खराब भाग बाजूला काढायचा आणि मशीन चालू ठेवायचं. इतकं देखणं काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं त्याला वाटत होतं आणि ते खरंच होतं.

एकदाच सांगण्याचं हे वेड त्याला का लागलं, ते त्याच्या घरात थोडा वेळ बसलं की कळतं. त्याच्या आईला, ताईबाईंना, कुठलीही गोष्ट एकदा सांगून चैन पडत नाही. जेवायची हाक आधी चुलीपासून, मग ओट्यावरून, मग जिन्यातून आणि शेवटी फोनवर. घर तेच, माणसं तीच.

"माय, एकदाव सांग ना!" तो करवादायचा.

"एकदाव सांगं तर तू ऐकस का?"

हा कर्नल जगभरचे लोक मिळून लिहितात, आणि त्याच्या या भागाची राखण हॉलंडमधले विम नावाचे एक आजोबा करतात. त्यांच्या होकाराशिवाय एक ओळ आत जात नाही. त्यांनी कळवलं, "कोड सुरेख आहे. पण तू चार तोंडं बंद केलीस. उरलेलं एक तोंड खऱ्या बिघाडात बोलतं का आणि ते कुणाला ऐकू जातं का, हे खऱ्या मशीनवर दाखव. नाहीतर मी हे घेणार नाही." सगळा हिवाळा पाण्यात जायची वेळ.

मग त्याला सुचलं. धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे एक जुनं मशीन पडलेलं होतं. तापलं की त्याची मेमरी चुकायची, म्हणून कुणीतरी टाकून दिलेलं. आणि तापवायला मे महिन्यात खानदेशात कुणाची परवानगी लागते? त्याने ते आणून माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत चालू करून ठेवलं आणि खाली येऊन लॅपटॉपवर लाल ओळीची वाट बघत बसला.

लाल ओळ काही येईना. दुपार टळायला आली तसा तो वर गेला, तर मशीनसमोर घरातला एकुलता एक कूलर फरफरत होता, खिडकीला ओलं गोणपाट टांगलेलं होतं आणि मशीनच्या डोक्यावर एक कांदा ठेवलेला होता.

"माय, हाई काय शे?"

"ऊन लागी जाई ना त्याले," ताईबाई म्हणाल्या. "बिचारं कव्हाचं घू घू करी राह्यनं."

"त्याले ऊन लागालेच पाहिजे, माय!"

ताईबाईंनी लेकाकडे नीट बघून घेतलं. मग पदर खोचला. "मंग पहिले सांगता नही येस का? चाल, गच्चीवर ली चाल."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर जुन्या लुगड्यांवर ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, वाळत होते आणि मधोमध मशीन, अंगावर गोधडी पांघरलेलं. खालच्या लॅपटॉपची वायर इथवर पुरत नव्हती, म्हणून शेजारी एक जुना स्क्रीन जोडलेला आणि त्यापुढे छत्री धरून ताईबाई. कावळे त्यांना हाकायचेच होते, त्यात हे एक. प्रेमराजने बजावलं, "लाल वळ दिसनी की माले सांग. पन एकदावच. बोंबलू नको." आणि खाली येऊन, कानात इअरफोन घालून पुण्याच्या मीटिंगला बसला.

लाल ओळ आली. ताईबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा लेकाचा शब्द पाळला. जिन्याच्या तोंडाशी येऊन अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "लाल वळ उनी रे," आणि परत जाऊन बिबडे उलटायला लागल्या.

मीटिंग संपवून प्रेमराज वर आला, तेव्हा मशीन कायमचं थंड झालेलं होतं आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास सुटला होता. बिबडे मात्र कडकडीत वाळले होते.

"माय! तू सांगं का नही?"

"सांगं ना. एकदाव. तूच म्हनेल शे, बोंबलू नको."

प्रेमराजने बिबड्यांच्या कडेला बसून मशीन उघडलं. मशीनमधली डिस्क तेवढी वाचली होती. त्याने ती दुसरीकडे लावून बघितली. त्याची ओळ जागच्या जागी होती, पट्टी बरोबर, भाग बरोबर, एकदाच. ती कुणी ऐकली नाही, म्हणून मशीन निमूटपणे एकेक भाग बाजूला काढत गेलं, आणि काढायला काही उरलं नाही तेव्हा मेलं. विम आजोबांनी हेच तर विचारलं होतं! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने कोड बदलला. तोंड एकच, पण कुणी 'ऐकलं' असं कळवेपर्यंत ते सांगतच राहील. कांद्याबिबड्यांसकट सगळी हकीकत त्याने विम आजोबांना लिहिली. ज्याने तपासणी केली त्याचं नाव कोडसोबत लिहायची त्या लोकांत रीत आहे. प्रेमराजने लिहिलं, तपासणी: ताईबाई शालिग्राम पाटील, सोनगीर.

आजोबांनी कोड घेतला. वर विचारलं, ताईबाईंना वेळ आहे का, तापवायचं आणखी बरंच आहे. ताईबाईंनी ही बातमी गल्लीत दारोदार जाऊन सांगितली, काही दारांवर दोनदा.

त्या आनंदात प्रेमराज ते पत्र पुन्हा वाचत माडीवर बसला होता, तेवढ्यात चुलीपासून हाक आली, "जेवाले चाल!"

"ऐकू उनं, माय!" त्याने लगेच उत्तर दिलं.

मग ओट्यावरून हाक आली. मग जिन्यातून. मग फोन वाजला.

"माय, ऐकू उनं म्हनं ना!"

"ऐकू उनं म्हनस, पन ऊठस कोठे?"

उठायच्या ऐवजी प्रेमराजने लॅपटॉप पुढे ओढला. नुसत्या 'ऐकलं'वर तोंड बंद करून भागणार नव्हतं; विम आजोबांना आणखी एक पत्र लिहावं लागणार होतं.