सासऱ्यांची आंघोळ आणि माझी आमरी

बागकाम मला मनापासून आवडतं. फक्त त्यात खणणं, खत घालणं आणि वाकणं नसावं. सत्तरच्या दशकात मी आटपाडीला मास्तर होतो. आमरीला, म्हणजे ऑर्किडला, माती लागत नाही, ती झाडाच्या फांदीवर नुसती बसून राहते, असं कळलं आणि ही आपल्याच गोत्रातली, हे मी ओळखलं.

सासऱ्यांच्या पाचगणीखालच्या गावातून मी ती वठलेल्या फांदीसकट आणली. पण आटपाडीच्या कोरड्या हवेत तिची पानं सुरकुतली. म्हणून फांदी न्हाणीघराच्या तुळईला टांगली. घरच्यांच्या आंघोळीत तिचंही भागेल, मला पाणी घालायलाही नको!

दोन वर्षं फूल नाही. शाळेत मात्र मी एवढ्या बाता मारल्या होत्या की हेडमास्तर रोज विचारायचे, "काय मास्तर, बाळंतपण कधी?"

तिसऱ्या वर्षी ज्येष्ठात सासरे आले. पलटणीतून निवृत्त झालेले, घरी एकटेच. डोंगरातला माणूस, उन्हाळ्यातही कढत पाणीच घेणार. न्हाणीघरातून अशी वाफ निघायची की शेजारीण विचारी, "काय शिजतंय?" चौथ्या सकाळी पाहतो तर आमरीला कळ्यांची दांडी! आणि त्याच सकाळी सासऱ्यांनी वळकटी बांधली.

"लेकीच्या घरी तीन रात्री लय झाल्या, जावईबापू. लोक हसत्याल."

मी वळकटीवरच बसलो. "आबा, तुम्ही गेलात तर घर खायला उठेल!"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. असलं वाक्य तिनं माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. मला लाज वाटली. पण कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या.

आबा राहिले. मी रोज आडाचं पाणी शेंदलं, बंबासाठी लाकडं फोडली. जन्मभर चुकवलेलं सगळं बागकाम त्या आठवड्यात वसूल झालं. अकराव्या दिवशी आमरी फुलली. गुलाबी, लोंबती, नखरेल! मी हेडमास्तरांना थेट न्हाणीघरात आणलं.

"कशानं फुलली हो?"

"सासऱ्यांच्या वाफेनं!" मी छाती फुगवून म्हणालो. "म्हणून तर त्यांना जाऊ दिलं नाही!"

मागं वळलो. पंचा खांद्यावर टाकून आबा दारात उभे.

"म्हंजी मला झाडासाठी ठिवलं व्हय?"

हेडमास्तरांना अचानक शाळा आठवली. बायको माझ्याकडं अशी बघत होती की मला बंबात लपावंसं वाटलं.

"आवं, मग आदी सांगायचं न्हाई?" आबा म्हणाले. "लेकीच्या घरी फुकट खातुय म्हनून रोज अर्ध्या भाकरीवर उठत हुतो मी!"

त्या दुपारी त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि अजून आठ दिवस राहिले.

पुढच्या ज्येष्ठात न बोलावता आले. एसटीतून उतरल्यापासून भेटेल त्याला सांगत होते, "लेकीकडं न्हाई, ड्यूटीवर आलुय." हातात नवा पंचा. अंगणातूनच त्यांनी हाक दिली, "जावईबापू, फुललं न्हाई न्हवं अजून?"

आमरी तीन दिवसांपूर्वीच फुलली होती. कुणाच्याही वाफेशिवाय.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी न्हाणीघरात घुसलो, दांडी खुडली, ज्वारीच्या डब्यात दडवली.

"छे, आबा! तुमचीच वाट बघतेय," म्हणालो आणि दोर घेऊन आडाकडं पळालो.