नाही म्हणायचा तास

अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये मी राजापूरच्या पूर्वेकडच्या एका गावातल्या हायस्कुलात मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले. माझं घर रत्नागिरीत. आठवडाभर गावात एक खोली घेऊन राहायचं आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की एस.टी. पकडून घरी यायचं, असा क्रम होता. वय सव्वीस, आणि मुलांना काय सांगायचं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असा माझा समज होता.

त्यामुळे ऑक्टोबरात दारूबंदी सप्ताह आला तेव्हा हेडमास्तरांनी तो माझ्याकडे सोपवला आणि मी तो झोकात साजरा केला. निबंध झाले, घोषणा झाल्या, प्रभातफेरी सगळ्या वाड्यांतून फिरली. यकृताची दोन चित्रं, एक धडधाकट आणि एक सडलेलं, मी मोठ्या कागदावर रंगवून आणली होती. शेवटच्या दिवशी साऱ्या शाळेने हात पुढे करून शपथ घेतली. त्यात सर्वांत खणखणीत आवाज नववीतल्या एका मुलाचा होता. उंच, काटकुळा, ढोल सुरेख वाजवायचा. निबंधातही पहिला तोच आला होता. दारू ही राक्षसीण आहे, असं त्याने दोन पानं भरून लिहिलं होतं आणि ते मी वर्गात वाचून दाखवलं होतं.

मार्चात शिमगा आला. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आणि मुंबईला नोकरीला असलेले चाकरमानी रजा काढून गावी येतात. सण आटोपून शाळा भरायला लागली तरी तो मुलगा चार दिवस दिसला नाही. मी त्याच्या वाडीतल्या मुलींना विचारलं. त्यांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग एकीने खाली मान घालून सांगितलं की त्याला पाजली होती. पालखीपुढे ढोल वाजवता वाजवता तो कोसळला, घरासमोरच्या खळ्यातच ओकला आणि सगळ्या वाडीने ते पाहिलं. आता तो घराबाहेर पडत नव्हता.

शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले, ती रागातच. शपथ मोडल्याचा राग होताच. पण खरं सांगायचं तर माझा सप्ताह वाया गेल्याचा जास्त होता. मला पाहताच तो मागच्या दाराने गोठ्याकडे गेला. वडील पडवीत दोरी वळत बसले होते, ते 'बसा' म्हणाले आणि पुन्हा दोरीत मान घातली. त्याच्या आईने पाणी दिलं आणि माझ्यासमोर बसून हळूहळू सारं सांगितलं. पाजणारा मुलाचा सख्खा धाकटा काका होता, मुंबईला असणारा. मुलाचा फार लाडका. ढोल वाजवायला त्यानेच शिकवलेलं. घरामागे चारपाच जण बसले होते, तिथून त्याने पुतण्याला हाक मारली, ग्लास पुढे केला आणि म्हणाला, आता तू बाप्या झालास.

"पण त्याने शपथ घेतली होती ना?" मी विचारलं.

"घेतली होती की. मला घरी म्हणूनपण दाखवली," ती म्हणाली. "पण बाई, सख्खा काका ग्लास धरून उभा राहिला की काय बोलायचं, ते तुम्ही शाळेत कुठे शिकवलंत?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. त्या शनिवारी एस.टी.त बसून मी तेच घोळवत राहिले. मी मुलांना राक्षसीण दाखवली होती. तशी ती आली असती तर त्या मुलाने तिला पळवून लावलं असतं. पण आला होता काका, इतक्या दिवसांनी भेटलेला, हसत हसत.

वार्षिक परीक्षेला मुलगा आला, पास झाला, दहावीत गेला. मात्र पूर्वीसारखा बोलेना. जूनमध्ये मी दहावीच्या वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालायचं नाही, फक्त दारू किंवा गुटखा तुमच्यापुढे कोणी धरला आणि काय बोलून धरला, तेवढंच लिहायचं. चिठ्ठ्या मी खोलीवर नेऊन वाचल्या. चुलते होते, मामा होते, चुलतभाऊ, बहिणीचा नवरा, लग्नातले वऱ्हाडी. एकाही चिठ्ठीत अनोळखी माणूस नव्हता. 'एका घोटाने काय मरतोस?' 'देवाच्या कार्याला नको म्हणायचं नसतं.' 'जा मग, बायकांत जाऊन बस.' 'तुला माझ्या गळ्याची शपथ.' ही शेवटची मी बाजूला काढून ठेवली, कारण माझ्या शपथेला ही दुसरी शपथ सहज भारी पडणारी होती.

मग मी शनिवारचा शेवटचा तास या कामाला घेतला. मी काका व्हायचं, मुलांनी नाही म्हणायचं. पहिल्या दिवशी मी स्टीलचा ग्लास हातात धरून झोकांड्या देत आवाज मोठा केला, आणि वर्ग पोट धरून हसला. पहिल्या बाकावरची एक ठेंगणी मुलगी उठली. "बाई, काका असा नसतो," ती म्हणाली. "काका गोड बोलतो." तिने माझ्या हातातून ग्लास घेतला, समोरच्या मुलाच्या खांद्यावर हात टाकला आणि हळू आवाजात म्हणाली, "काय रे, मोठा झालास तसा काकाला विसरलास होय?" वर्गातलं हसू थांबलं.

तो समोरचा मुलगा तिच्यापुढे तीन वेळा हरला. अभ्यास आहे म्हणाला, तर एका दिवसात परीक्षा कुठे पळून जाते, असं तिने विचारलं. आई ओरडेल म्हणाला, तर आईला सांगतंय कोण? पोट दुखतंय म्हणाला, तर हे त्यावरचंच औषध. चौथ्यांदा मागून कोणीतरी सुचवलं की कारण सांगूच नकोस, कारण सांगितलं की तिला धरायला मिळतं. त्याने नुसतं 'नको काका' म्हटलं. तिने पुन्हा आग्रह केला, तो पुन्हा तेवढंच म्हणाला. तिसऱ्या वेळी तीच अडली आणि माझ्याकडे बघू लागली.

माझ्या यकृताच्या चित्रांनी जे शिकवलं नव्हतं ते मुलांनी आपलं आपण शोधून काढलं. कारण द्यायचं नाही. चिडायचं नाही, कारण चिडलं की भांडण लागतं आणि भांडणात मोठ्या माणसाचीच सरशी होते. तीनदा तेच शब्द, त्याच आवाजात. आणि मग तिथे उभं राहायचं नाही, काहीतरी काम हातात घेऊन निघायचं. ज्यांना एकट्याला जमणार नाही त्यांनी दोघं मिळून जायचं. मी फक्त फळ्यावर लिहून घेत होते.

कोणा पालकाने तक्रार केली की नव्या बाई पोरांना दारुडे व्हायला शिकवतात. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं. मी त्यांना पुढच्या शनिवारी वर्गात येऊन बसायची विनंती केली. ते मागे दहा मिनिटं बसले, एकदा रुमालाआड हसले आणि जाताना म्हणाले, तास चालू द्या, फक्त ग्लास रिकामा ठेवा.

तो ढोलवाला मुलगा मात्र आठवडेच्या आठवडे खिडकीबाहेर बघत बसायचा. मी त्याला उठवलं नाही. ऑगस्टातल्या एका शनिवारी तो न बोलावता पुढे आला. ठेंगणीने त्याच्यापुढे ग्लास धरला आणि मुद्दामच म्हणाली, "आता बाप्या झालास." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण तो म्हणाला, "नको काका." तीनदा म्हणाला, आणि फळा पुसायचं डस्टर घेऊन फळ्याकडे गेला.

गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी त्याचा काका शाळेत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मुंबईच्या प्रवासाची बॅग. दुपारच्या गाडीने तो परत जाणार होता. पोरांना घरच्या माणसांचा अपमान करायला शिकवता का, असं त्याने मला ऑफिसच्या दारातच विचारलं. मी त्याला खुर्ची दिली आणि काय झालं ते विचारलं. चौघांसमोर पोरगा 'नको काका' म्हणाला, तीनदा म्हणाला, आणि ढोलकी उचलून आरतीला निघून गेला, एवढंच घडलं होतं.

"उलट बोलला का तो?" मी विचारलं.

"नाही."

"आवाज चढवला?"

"नाही. उलट आज सकाळी पायापण पडला," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याचा राग त्यालाच टिकवता येईना.

मी त्याला विचारलं की तुम्हाला पहिल्यांदा कोणी दिली. तो बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला की थोरल्या चुलतभावाने, शिमग्यालाच, चौदाव्या वर्षी. "नको म्हणता येतं, हेच तेव्हा ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं की पोरगा आपल्यावर रागावला आहे का. ते त्यालाच विचारा, असं सांगून मी मुलाला वर्गातून बोलावलं. दोघं मैदानाच्या कडेच्या फणसाखाली बराच वेळ उभे होते. काय बोलले ते मला कळलं नाही. काकाची दारू सुटली नाही, पण त्याने पुन्हा घरातल्या एकाही पोराला मागच्या बाजूला बोलावलं नाही, असं त्या मुलाच्या आईने मला पुढच्या वर्षी सांगितलं.

सगळेच वाचले असं मी म्हणत नाही. त्या वर्गातली दोन मुलं पुढे दारूत गेलेली मला माहीत आहेत. त्यातला एक अजून रत्नागिरीच्या स्टँडवर कधी दिसतो आणि मला टाळायला बघतो. मी टाळू देत नाही. जाऊन त्याच्याशी बोलते. तरी नाही म्हणणं हे पोहण्यासारखं आहे, शिकवलं तर येतं, याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून शंका उरलेली नाही.

दोन हजार तीन साली संस्थेने माझी बदली मंडणगड तालुक्यातल्या शाळेत केली. पहिल्याच शनिवारी मी तिथे चिठ्ठ्या वाटल्या. राजापूरकडची टिपणं सोबत होतीच, तीच वापरू असं मनात होतं. पण इथल्या चिठ्ठ्यांत काका फारसा नव्हता. इथे मैदानामागे बसणारी मोठी पोरं होती, गुटख्याच्या पुड्या होत्या, नशेसाठी व्हाइटनरचा वास घेणं होतं, आणि 'घाबरलास काय?' एवढाच एक प्रश्न होता. मी टिपणांची वही पिशवीत ठेवून दिली आणि वर्गाला विचारलं की ती मोठी पोरं नक्की कशी बोलतात, ते मला कोण करून दाखवेल. पाच हात वर झाले.