कॅसेटमधलं भूत

मंगरूळपीरच्या माझ्या दुकानात आता लग्नाचं शूटिंग कमी आणि जुन्या कॅसेटी संगणकात उतरवण्याचं काम जास्त. खरं सांगायचं तर कंटाळा येतो. लोकांच्या वराती पाहून पाहून डोळे विटले आहेत.

किन्हीराजा गावची एक बाई आपल्या लग्नाची कॅसेट घेऊन आली. म्हणाली, "भाऊ, माह्ये बाबा गेले. चालतेबोलते फक्त यातच हायेत. मायले दाखवाचे हाय. तिची नजर जाऊन राह्यली, तवा लवकर करा."

कॅसेट उतरवली आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक माणसाच्या मागे त्याचाच एक फिकट जोडीदार. आमच्या धंद्यात याला भूत म्हणतात. शेजारचे कापडवाले चाचा डोकावून म्हणाले, "भूत उतरून नाही राह्यलं तं दर्ग्यावर न्या नं कॅसेटले." मला हसूसुद्धा आलं नाही. केबल बदलली, व्हीसीआरचं हेड पुसलं, ओळखीच्याकडून दुसरा व्हीसीआर मागून आणला. भूत जागच्या जागी. त्यात टेप इतकी झिजलेली, की दर वेळी लावताना धाकधूक व्हायची.

शेवटी वैतागून नुसता बघत बसलो, तेव्हा दिसलं की मांडवाचा खांब एकटाच आहे. दुहेरी होती ती फक्त हलणारी माणसं. केबलचा दोष असता तर खांबालाही जोडीदार असता. जुना कॅमेरा आधी एकाआड एक ओळी टिपतो, मग क्षणभरानं उरलेल्या. तेवढ्यात माणूस हललेला असतो, आणि माझं सॉफ्टवेअर ही दोन अर्धी चित्रं एकमेकांत कालवत होतं. ते कालवणं बंद केलं. सगळी वरात लख्ख झाली.

एक तेवढं राहिलं. कन्यादानाला बसलेल्या बाबांचा तांब्या धरलेला हात. माणूस स्थिर, हात मात्र अजून दुहेरी. आता अंगात त्राण नव्हतं. चिडून मी आधीच्या एका चित्रातला त्यांचा स्वच्छ हात घेतला आणि त्यावर चिकटवून दिला.

बाई आईला घेऊन आली. म्हातारी पडद्याला नाक लावून बसली. पडद्यावर बाबा चालत आले तेव्हा तिनं पदर तोंडाशी नेला. कन्यादान आलं आणि ती म्हणाली, "हे असं नव्हतं."

"तेच आहे, मावशी. हात जरा साफ केलाय."

"काहून साफ केला बाप्पा? त्याईचा हात थरथरे. चारचौघात पाणी सांडू नये म्हून उपरण्याखालून म्या हात लावला होता."

मला फार लाज वाटली. मी चिकटवलेला तुकडा काढून टाकला. तांब्याखाली पुन्हा दोन हात थरथरू लागले. म्हातारीनं चाचपडत बोट खालच्या हातावर टेकवलं आणि लेकीला म्हणाली, "हा माहा."