चार गिअर मागे, एक पुढे

फोन वाजला तेव्हा मी एका गोठ्यात अडलेल्या म्हशीच्या मागे उभा होतो, हात कोपरापर्यंत भरलेले. म्हशीच्या मालकाने माझ्या खिशातून फोन काढून कानाला लावला. पलीकडे अक्का, माझी थोरली बहीण. "बबन, तुझे दाजी गेले रे..." सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले, चहाचा कप हातात घेतला आणि बसलेलेच राहिले. तीच मग म्हणाली, "कुठं हायेस?" मी सांगितलं. "मग म्हशीचं नीट होऊ दे. दाजी कुठं पळून चालले." रडता रडता असं बोलायची सवय तिला दाजींनीच लावली होती.

उत्तम दाजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. नरसीला रस्त्याच्या कडेला त्यांचं घर, मागे थोडी शेती. मी जनावरांचा डॉक्टर. मेव्हण्याने दाजीची आणि दाजीने मेव्हण्याची टर उडवायची हा रिवाज आम्ही दोघांनी इमानाने पाळला. ते मला चारचौघांत "आमच्या सासुरवाडीचा बैल" म्हणायचे आणि मी त्यांना "ऐतिहासिक वास्तू". माणूस बुद्धीने तल्लख, पण हाताने असा की सायकलची चेन पडली तरी सायकल खांद्यावर घेऊन घरी यायचा. या माणसाने निवृत्तीनंतर घरी मोटार बांधायला घेतली!

त्यामागची गोष्ट अक्काच्या लग्नाची आहे. साखऱ्याहून, म्हणजे आमच्या गावाहून, वरात निघाली आणि जीप वाटेतच बसली. मागून हळदीची पोती घेऊन एक टेम्पो येत होता, त्यात नवरा-नवरीला बसवलं. आमच्या बौद्ध लग्नांत हळद लावत नाहीत. पण अक्का सासरी उतरली ती पांढऱ्या साडीसकट नखशिखांत पिवळी होऊन. दाजींनी तिथेच शब्द दिला, "एक दिवस माझ्या स्वतःच्या गाडीतून तुला माहेरी नेईन." अक्काने पुढे संसारात हा शब्द त्यांना काही विसरू दिला नाही. निवृत्तीनंतर मी म्हणालो, दाजी, एक गाडी विकत घ्या आणि सुटा. तर म्हणाले, "विकत घेतली ते कंपनीची. स्वतःची म्हंजे स्वतः केलेली."

त्यांनी दक्षिणेतून कुठून तरी किट मागवलं. म्हणजे लोखंडी नळ्यांची चौकट आणि फायबरची बॉडी, सगळं सुटं. दोन माणसांची, बुटकी, लाल गाडी. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र आपले आपण मिळवायचे. ही जोडी दाजींनी भंगारात निघालेल्या एका छोट्या मोटारीची आणली. त्या मोटारीत ती पुढे होती, या गाडीत सीटच्या मागे बसवायची होती. वसमतचे रफिकभाई मेकॅनिक मदतीला येणार होते, पण दाजींना दम कुठला! ते यायच्या आधीच गल्लीतली चार माणसं गोळा करून त्यांनी इंजिन बसवूनही टाकलं. बसवताना त्याचं तोंड फिरवून घेतलं, कारण मागचं झाकण उघडलं की प्लग समोर यायला हवेत, वाकायला नको, कमरेला तकलीफ नको. रफिकभाईंनी नंतर येऊन राहिलेल्या वायरी जोडल्या. तोंड कुठे आहे हे त्यांनीही पाहिलं नाही.

मग गाडी चालू करायचा दिवस आला. अक्का पांढरी साडी नेसून, साखऱ्याला न्यायच्या खाऊची पिशवी मांडीवर घेऊन डाव्या सीटवर बसली. नरसीच्या देवळात दर्शनाला आलेले लोकसुद्धा रस्त्यावर थांबून बघत होते. दाजींनी सगळ्यांना जय भीम केला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला... आणि गाडी सरळ मागे जाऊन कडब्याच्या गंजीत घुसली. दाजींनी घाबरून दुसरा टाकला. गाडी आणखी आत गेली. मग निव्वळ योगायोगाने रिव्हर्स पडला आणि गाडी थाटात पुढे आली. अक्काच्या डोक्यावर कडबा, पिशवी तशीच मांडीवर. तिथे जमलेला प्रत्येक माणूस शेतकरी. विहिरीवरची मोटर उलटी फिरली की काय करायचं हे सगळ्यांना पाठ. एकमुखाने सल्ला आला, "गुरुजी, दोन वायरी बदला!" आणि दाजी खरंच पाना घेऊन बॅटरीकडे निघाले. रफिकभाईंनी त्यांचा हात धरला, झाकण उघडून आत पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "सर, ये तो पीठ फेरके बैठा है!" इंजिनाने पाठ फिरवली होती, म्हणून चाकंही उलटी फिरत होती.

सगळे हसले. मी तर खाली बसून हसलो. हसली नाही ती अक्का. ती उतरली, पदर झटकला आणि म्हणाली, "माहेरी मी पाठमोरी जाणार न्हाई. गाडीचं तोंड फिरवा, न्हाई तर भंगारात घाला. मी पुन्हा बसणार न्हाई." दाजींचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पडलेला पाहिला. माझ्या मुलीचं लग्न साखऱ्याला तोंडावर आलं होतं आणि नवरीची आत्या लाल गाडीतून येणार हे दाजींनी सगळ्या सोयऱ्यांना सांगून ठेवलं होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो जुना शब्द. संध्याकाळी ते मला एवढंच म्हणाले, "डॉक्टर, आता हे वासरू तुमीच बाहेर काढा."

बोअरमधली मोटर वर काढतात ती तीन पायांची लोखंडी घोडी आणि साखळीची कप्पी आणली. रफिकभाईंनी ऑइल आणि पाणी काढलं, वायरी, नळ्या, क्लचची केबल आणि चाकांकडे जाणारे दांडे सोडवले. साखळी ओढायला मी. इंजिन वर निघालं, आणि त्याच्या मागोमाग अख्खी गाडीही मागून वर निघाली! गिअरबॉक्सखालचा एक बोल्ट काढायचाच राहिला होता. "नाळ तुटली न्हाई अजून," मी म्हणालो, आणि दाजी इतके हसले की त्यांना झाडाला टेकून उभं राहावं लागलं. शेवटी ती जोडी बाहेर आली, साखळीला लटकून सावकाश फिरली आणि जसं हवं तसं तोंड करून थांबली. दाजी तिच्याकडे बाळंतिणीच्या नवऱ्यासारखे बघत उभे.

बाहेर काढलंच आहे तर क्लचची प्लेट बदलून घेऊ, असं रफिकभाई म्हणाले. त्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केले. ते पुन्हा जोडताना नवी प्लेट बरोबर मधोमध बसावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा आत जात नाही. प्लेट धरायला लाकडाचा गोल तुकडा हवा होता. दाजी घरात जाऊन काहीतरी घेऊन आले, त्याला चिकटपट्टी गुंडाळली. नेमकं बसलं. थोड्या वेळाने अक्का दारात आली. "माझं लाटणं काहून सापडून नाही राहिलं?" तिने इंजिनाकडे पाहिलं. लाटण्याचं एक टोक त्यातून बाहेर आलेलं. मला वाटलं, आता गाडी खरंच भंगारात जाते. पण अक्का जवळ आली, पदर खोचला आणि म्हणाली, "सरका. लाटणं कसं धरायचं हे तुमाला ठावं हाय व्हय?" प्लेट घट्ट होईपर्यंत तिने ते सरळ धरलं. मग लाटणं काढून गिअरबॉक्स पुढे ढकलला, थोडा हलवला, आणि टक्‌कन आवाज होऊन तो जागेवर बसला. अक्का त्या दिवशी पहिल्यांदा हसली. दाजी तिच्याकडेच बघत होते.

नव्या तोंडाप्रमाणे इंजिन पकडून ठेवणाऱ्या धरण्या वेल्ड कराव्या लागल्या, सायलेन्सर वळवावा लागला, आणि प्लग गेले पार आत. "वाका आता," अक्का म्हणाली. लग्नाला दोघं साखऱ्याला आले. सेनगाव रस्त्याने लाल ठिपका येताना दिसला आणि वाजंत्रीवाले नवरदेवाला सोडून तिकडे धावले. अक्का उतरली, पांढऱ्या साडीवर एक डाग नाही. मला मोठ्या अभिमानाने म्हणाली, "माझ्या लाटण्यानं आली." मी तेव्हा रडलो, हे कुणाला सांगितलं नव्हतं. (आरटीओचे हेलपाटे हा वेगळाच लेख होईल.)

त्या दिवसापासून दाजींना एक सवय लागली. कुठेही निघायचं असो, आधी रिव्हर्स टाकायचे, गाडी थोडी मागे न्यायचे, अक्काकडे बघून म्हणायचे, "आधी इतिहास!" आणि मग पुढे निघायचे. आम्हाला हे ऐकून ऐकून वीट आला होता. मास्तरांचे विनोद असेच असतात.

परवा अक्काला काही दिवस साखऱ्याला न्यायला गेलो. मी माझी गाडी नेली होती. ती पिशवी घेऊन बाहेर आली, ती सरळ निंबाखालच्या लाल गाडीत जाऊन बसली, डाव्या सीटवर. "चल." मी दाजींच्या जागेवर बसलो. सीट त्यांच्या बेताची पुढे ओढलेली, गुडघे स्टिअरिंगला लागत होते. तरी ती मागे सरकवावीशी वाटली नाही. किल्ली फिरवली, एका झटक्यात इंजिन चालू झालं. रस्ता समोर मोकळा होता. मी पहिला गिअर टाकला.

अक्काने माझ्या हातावर चापट मारली.

"काहून घाई करून राहिला?" ती म्हणाली. "आधी इतिहास."

मी रिव्हर्स टाकला.